मागच्या खोलीतल्या टेपा

रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी कूलर बंद करावा लागे. मे महिन्यात, भर दुपारी, कवेलूच्या छपराखालच्या खोलीत कूलर बंद करायचा म्हणजे काय, हे नागपुरात राहिलेल्याला वेगळं सांगायला नको. पण कूलरच्या पंख्याची घरघर आणि वाळ्याच्या ताट्यांवरून टपकणारं पाणी माइक नेमकं टिपायचा, आणि मग टेपवर गिटारीपेक्षा कूलरच जास्त ऐकू यायचा. म्हणून दादा आधी कूलर बंद करायचा. खिडकीवर रजई ठोकलेली असायचीच. दार लावून तो खालच्या फटीत आईचं जुनं लुगडं कोंबायचा आणि म्हणायचा, "चला, करा सुरू."

दादा माझा मोठा भाऊ. बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा दिली तेव्हा तो आईच्या कडेवर होता. मी त्यानंतरची. आमचं घर इंदोरा वस्तीत, पुढे दोन खोल्या आणि मागे ही एक, जिच्यात पूर्वी सरपण आणि गोवऱ्या असायच्या. बाबा तार ऑफिसात होते. दादाचं मॅट्रिकनंतरचं शिक्षण काही जमलं नाही, पण रेडिओ उघडून तो पुन्हा गाता करायचा, म्हणून सीताबर्डीच्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात लागला. तो कूलरही त्यानंच जुना पंखा आणि पत्रा आणून बनवलेला. मी तेव्हा कॉलेजात बी.एस्सी.ला जात होते.

त्या दुकानातच हे खूळ त्याच्या डोक्यात शिरलं. केस वाढवलेला एक गोरा पोरगा गाडीतून नागपूरला उतरला होता, त्याचा कॅसेटचा टेप बंद पडला म्हणून दुकानात आला. दादानं टेप दुरुस्त केला आणि चालतो की नाही बघायला त्यातलीच कॅसेट लावली. ते ऐकून तो घरी आला तो जेवायलाच बसेना.

"गाणं संपतच नाही वं त्याच्यात," तो मला म्हणाला. "कडवं नाही, मुखडा नाही. वाजवता वाजवता शोधून राहिले लोक. काय शोधून राहिले ते त्यायलेच माहीत नाही."

त्याला सायकेडेलिक रॉक म्हणतात हे आम्हाला बऱ्याच दिवसांनी कळलं. तोवर आम्ही आमचं नाव ठेवलं होतं, 'लांबवाला'. हे नाव दादाच्या मित्रानं दिलेलं. तो कामठीचा, मी त्याला कामठीचा भाऊ म्हणायचे; लग्नाच्या बँडपथकात ड्रम वाजवायचा. नवरदेवाच्या घोड्यापुढे तीच ती गाणी वाजवून कंटाळलेला. रविवारी आला की गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा धरून विचारायचा, "काय गा, आज लांबवाला करायचा ना?" दुसरा मित्र मोहननगरचा, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा. आमच्याकडे ऑर्गन कुठला असणार? तो पेटी वाजवायचा, पण भजनाच्या पेटीसारखी नव्हे. एकच सूर धरून भाता इतका हळू ओढायचा की पेटी आजारी माणसासारखी श्वास घ्यायला लागायची. दादाची गिटारही त्याच्याच काकांची, जुनी. टेलिफोनच्या रिसीव्हरमधला कानाकडचा तुकडा काढून दादानं तो तारांखाली बसवला आणि त्याची वायर जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओला जोडली. रेडिओचा आवाज पूर्ण वाढवला की गिटार फाटक्या गळ्यानं ओरडायची. तो फाटका आवाजच दादाला हवा असायचा.

टेपरेकॉर्डर मामांचा. मामा फौजेत होते, सुटीवर आले तेव्हा मोठ्या स्पूलचा टेपरेकॉर्डर घेऊन आले आणि जाताना इथेच ठेवून गेले. दुसरा दुकानातला, कुणीतरी दुरुस्तीला टाकून परत न नेलेला. मालकानं तो दादाला देऊन टाकला. या दोन मशीनवर दादा जे करायचा ते मी तोवर कुठे पाहिलं नव्हतं. टेपवर नवा आवाज भरण्याआधी जुना पुसणारा एक छोटा भाग मशीनमध्ये असतो. दादा त्यावर कागदाची पट्टी चिकटवायचा. मग जुनं पुसलं जायचं नाही, नवं त्याच्यावर जाऊन बसायचं. गिटारीवर गिटार, तिच्यावर पेटी. पण प्रत्येक नव्या थरागणिक खालच्या थराची धार जायची. तो भिंतीपलीकडून आल्यासारखा गढूळ ऐकू यायचा. कधी तो दोन्ही मशीन शेजारीशेजारी ठेवून एकच फीत पहिल्यातून दुसऱ्यात न्यायचा. पहिल्यानं भरून घेतलेलं दुसरा जरा वेळानं ऐकवायचा, आणि ते पुन्हा पहिल्यात जायचं. दादानं एक सूर छेडला की तो खोलीत परत परत यायचा, दर वेळी थोडा झिजलेला.

माझं काम बटनांचं. दादानं लाकडी खोक्यावर चार बटनं बसवली होती. एक गिटारीचं, एक पेटीचं, एक ड्रमचं, आणि चौथं दुसऱ्या मशीनकडून येणाऱ्या आवाजाचं. बाबांच्या ऑफिसातून रद्दी म्हणून निघालेला जड हेडफोन कानाला लावून मी खोक्यासमोर बसायचे. कोण वर येतो, कोण दबतो हे बघायचं आणि बोटानं सारखं करायचं. वाजवणं चालू असतानाच मिक्स व्हायचं, मागाहून बदलता यायचं नाही. पहिल्या दिवशी दादा म्हणाला, "तुले बरोबर ऐकू येते. हे आम्हा तिघाले जमणार नाही, आम्ही आपापलंच ऐकतो."

पहिला उन्हाळा चांगला गेला. एका रविवारी तिघंही असे काही लागले की सगळी टेप संपेपर्यंत कुणी थांबलं नाही. कामठीच्या भावाच्या कपाळावरून घाम ड्रमवर पडत होता आणि प्रत्येक काठीबरोबर उडत होता. गिटार एकदा वर चढली आणि तिथेच राहिली. पेटी तिच्याखाली सरकत सरकत आली, आणि मी गिटारीचं बटन हळूहळू खाली घेतलं, इतकं हळू की दोन्ही एकच झाल्या. टेप सुटून रीळ नुसतीच फटफट फिरायला लागली तेव्हा आम्ही भानावर आलो. आईनं दार उघडून कैरीचं पन्हं आत सरकवलं आणि तोंडाला पदर लावला. आतली हवाच तशी झाली असणार.

शेजारच्या काकूंनी भिंतीपलीकडून विचारलं होतं, "काय मशीन बसवली वं तुम्ही घरात?"

"पोरगा रेडिओ सुधारून राहिला," आईनं सांगितलं होतं.

पावसाळ्यानंतर दादा वाजवता वाजवता बोलायला लागला. आधी एखादा शब्द, मग वाक्यं. "इकडून ये. थांब. दार लोटून घे." सूर तसेच चालू, आणि मध्येच हे बोलणं. दोघा मित्रांना ते भारी वाटलं. मोहननगरचा म्हणाला, "यार, हे तर एकदम बाहेरच्या रेकॉर्डसारखं." मलाही सुरुवातीला तसंच वाटलं. मग हेडफोनमधून ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की दादा बोलतो, थांबतो, आणि मगच पुढचं बोलतो. थांबतो तेव्हा तो ऐकत असायचा. आणि त्या वेळी वाजणाऱ्या कशाशीही त्याच्या उत्तराचा संबंध नसायचा.

त्याची झोप कमी झाली. डब्यातली पोळी तशीच परत यायला लागली. दुकानाच्या मालकानं बाबांना निरोप पाठवला की पोरगा उघडलेल्या रेडिओसमोर नुसता बसून राहतो. बाबा म्हणाले, दमला असेल.

हिवाळ्यातल्या एका दुपारी आम्ही दोघंच मागच्या खोलीत होतो. जुन्या दोन टेपा मिळून एक करायची होती. दादा डोळे मिटून स्पीकरजवळ बसला होता, मी खोक्याशी.

"तो मागचा आवाज वर घे," तो म्हणाला.

"कोणता? पेटी?"

"पेटी नाही वं. तो बोलून राहिला ना, तो."

"बोलणारा तूच आहेस दादा."

"मी नाही. माझ्या मागं आहे. ऐक नीट."

मी टेप मागे घेतली. आधी जिथे नुसती गिटार वाजते तो तुकडा लावला. "आहे?" "आहे." मग नुसत्या पेटीचा. "आहे." मग नुसत्या ड्रमचा. "आहे ना वं, अजून साफ झाला." मला वाटलं, मशीनच्या गुणगुणीला तो आवाज समजत असेल. मी एकेक करून चारही बटनं शून्यावर आणली. रीळ फिरत होती, स्पीकरमधून काही म्हणजे काहीच येत नव्हतं. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. दादाचे डोळे मिटलेले होते आणि समोर बसलेल्या माणसाच्या बोलण्याला हो म्हणावं तशी तो मान हलवत होता.

"आता आला बरोबर," तो म्हणाला. "असाच ठेव."

मी तशीच बसून राहिले. टेप संपल्यावर त्यानं डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहून समाधानानं हसला.

संध्याकाळी बाबा आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. बाबांचं आयुष्य ऐकण्यात गेलेलं. तारेवरच्या कडकट्टातून, पावसाळ्यातल्या खरखरीतून अक्षर उचलायचं आणि कागदावर मांडायचं, हे त्यांचं काम. ते रागावले नाहीत, घाबरलेही नाहीत. म्हणाले, "मी ऐकतो." पुढचे कितीतरी रविवार ते मागच्या खोलीत हेडफोन लावून बसले. त्यांना त्या संगीतातलं काही आवडत नव्हतं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं. तरी त्यांनी एकेक टेप अथपासून इतिपर्यंत ऐकली. शेवटी त्यांनी दादाला समोर बसवलं.

"मी सगळं ऐकलं बेटा. तुम्ही तिघं आहात. चौथा कोणी नाही त्याच्यात."

दादानं त्यांचा हात धरला. त्यांनाच धीर द्यावा तसा म्हणाला, "तुम्हाले नाही येणार ऐकू, बाबा. तो तुमच्याशी बोलून नाही राहिला."

त्या दिवशी मी बाबांना पहिल्यांदा मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारताना पाहिलं. बराच वेळ मारत होते.

आईला कुणी तरी सांगितलं होतं की हे बाहेरचं आहे, अमुक देवस्थानी नेलं तर उतरेल. तिनं भीत भीत विषय काढला. बाबा म्हणाले, "त्या दारात परत जायचं नाही म्हणून तर आपण दीक्षा घेतली."

"तुमचं बरोबर आहे," आई म्हणाली. "पन मंग पोराले नेऊ कुठं?"



शेवटी मावशीकडे भिवापूरला पाठवायचं ठरलं. मिरचीचे दिवस होते. मावशीच्या अंगणात आणि शेतावर लाल मिरचीचे ढीग पसरलेले, बाया देठ खुडायला बसलेल्या. मी दादाला पोचवायला गेले आणि चार दिवस राहिले. डोळ्यांची आग, नाकाला पाणी, येणारा जाणारा शिंकतो आहे. दादा त्या बायांमध्ये बसून देठ खुडायचा. बोलायचा कमी, पण खायचा. रात्री झोपायचा. मावशी म्हणाली, "याले काही झालं नाही वं. शहरात पोरं वाळून जातात." मी निघाले तेव्हा तो बसपर्यंत आला आणि म्हणाला, "टेपा उन्हात ठेवू नको." मला ते शहाण्या माणसाचं बोलणं वाटलं. घरी येऊन मी आईला तसंच सांगितलं आणि ती कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

उन्हाळ्याच्या तोंडाशी तो परत आला. रंग उजळला होता. दुकानात जायला लागला. दोन-तीन आठवड्यांनी म्हणाला, रविवारी सगळ्यांना बोलवू. मला नको होतं. बाबांनाही नको होतं, पण आई म्हणाली, त्याच्या मनासारखं होऊ द्या.

त्या दिवशी दादा जसं वाजवत होता तसं त्यानं आधी कधी वाजवलं नव्हतं, आणि नंतर तर प्रश्नच नव्हता. तारांवरची बोटं दिसत नव्हती. पण तो कुणासाठी थांबत नव्हता. पूर्वी तो पुढे गेला तरी वळून बघायचा, ड्रमला जागा द्यायचा, पेटीची वाट पाहायचा. आता पेटीनं एक सूर धरला की तो तिथून निघून गेलेला असायचा. कामठीच्या भावानं दोनदा ताल बदलून त्याला गाठायचा प्रयत्न केला. मग काठ्या खाली ठेवल्या. पेटीही थांबली. दादाला ते कळलंच नाही. तो बोलत होता, हसत होता, वाजवत होता. टेप संपून रीळ फटफटायला लागली तरी चालूच.

"दादा, थांब गा," कामठीचा भाऊ म्हणाला. "थांब ना गा, दादा."

मोहननगरचा मित्र उठून निघून गेला. त्याची पेटी इथेच राहिली, ती त्याच्या धाकट्या भावानं नंतर नेली. कामठीचा भाऊ मात्र ड्रम बांधून पडवीत बसला. मी पाणी दिलं. त्याचे डोळे भरले होते.

"बाई, हे लांबवालं नाही," तो मला म्हणाला. "याच्यात आपन नाही आहोत. इतके दिवस मले वाटे, आपन आहोत म्हनून."

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात होते. आई नळावर गेली होती. ती परत आली तर मागच्या खोलीत दादा भिंतीला टेकून बसलेला, आणि व्हॉल्व्हचा रेडिओ पाठीमागून उघडलेला, चालू. दादाला रेडिओ माहीत होते. चालू रेडिओच्या आत हात घालू नये, आतली वीज माणसाला फेकून देते, हे त्यानंच मला शिकवलं होतं. तरी त्यानं डावा हात आत घातला होता. तीन बोटांची टोकं काळी पडली होती. मी पोचले तेव्हा शेजारपाजारचे दारात जमले होते आणि आई त्याच्या हातावर पाणी ओतत होती.

तो मला म्हणाला, "आतच होता वं. हाताले लागला होता."

त्यानंतर बाबांनी कुणाला विचारलं नाही. दादाला मनोरुग्णांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर शांत स्वभावाचे होते. आधी विचारलं, गांजा ओढतो का, गोळ्या घेतो का. असलं संगीत म्हटल्यावर सगळे तेच विचारायचे. दादा चहासुद्धा कमी प्यायचा. मग ते म्हणाले, भरती करावं लागेल, आणि शॉक द्यावे लागतील.

आई खुर्चीवरून उठली. "शॉकानंच तर हात जळला त्याचा! आनखी शॉक?"

डॉक्टरांनी समजावलं, हा वेगळा असतो. आईला ते पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मलाही पटलं नाही. बाबांनी हो म्हटलं. परतीच्या रिक्षात आई त्यांच्याशी बोलली नाही. पुढचे कितीतरी दिवस बोलली नाही. फक्त ताट वाढायची आणि बाजूला व्हायची.

दादा पावसाळाभर आत होता. मी डबा घेऊन जायचे. कधी तो मला ओळखून हसायचा, कधी काल काय झालं ते त्याला आठवायचं नाही. एकदा त्यानं विचारलं, "आपल्या घरी पेटी होती का वं?" मी म्हटलं, मित्राची होती. "असं," तो म्हणाला, आणि वरणभात कालवायला लागला. भिंतीपलीकडे एक माणूस सारखा कुणाला तरी हाका मारत होता. दादा त्याच्याकडे लक्षही देत नव्हता. त्याला आता कुणाचेच आवाज येत नव्हते. तो बरा झाला होता, त्या अर्थानं.

घरी आला तो जाड होऊन. जीभ जड, चाल घसटत, हाताला थरथर. गोळ्यांमुळे तसं होतं म्हणाले. जळलेली बोटं भरून आली, पण ताठ राहिली. तार दाबायची बोटं तीच होती. गिटार त्यानं एकदा मांडीवर घेतली, तिच्यावरची धूळ सदऱ्यानं पुसली, आणि परत खुंटीला लावली. कामठीचा भाऊ भेटायला आला तेव्हा दोघं चहा पीत समोरासमोर बसले. इकडचं तिकडचं बोलायचा प्रयत्न कामठीच्या भावानंच केला. जाताना दादानं त्याला विचारलं, "सीझन कसा आहे?" "चांगला आहे गा," तो म्हणाला. "लग्नं लई आहेत."

मिक्सिंग मी त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात पुरं केलं. कुणी सांगितलं नव्हतं. टेपा तशाच पडल्या तर खराब होतील असं मी आईला सांगितलं, पण खरं म्हणजे मला तो पहिल्या उन्हाळ्यातला दादा एकदा नीट ऐकायचा होता. वेगवेगळ्या दिवसांचे चांगले तुकडे घेऊन एक टेप करायची असं ठरवलं. अडचण पावसाळ्यानंतरच्या तुकड्यांतल्या बोलण्याची होती. दादाचं बोलणं गिटारीच्याच माइकमध्ये शिरलेलं. ते दाबायला गेलं की गिटारही दबायची, गिटार वर घेतली की बोलणं वर यायचं. एकाच बटनावर दोन्ही. मी अनेक दुपारी खटपट केली. दुसऱ्या टेपवरची पेटी वर चढवून बोलणं झाकायला बघितलं, तर गिटार बुडाली. शेवटी मी ते सोडून दिलं. बोलणं आहे तसं राहू दिलं. "इकडून ये. थांब. दार लोटून घे." कितीदा ऐकलं असेल. शेवटी शेवटी मला त्याची भीती वाटेनाशी झाली. कुणाला तरी घरात घेताना माणूस जसं मायेनं बोलतो, तसं ते होतं.

एका दुपारी दादा गोळीच्या गुंगीतून उठून मागच्या खोलीत आला. मी टेप बंद करायला हात पुढे केला, त्यानं नको अशी खूण केली. खाली बसला. गिटार वर चढत होती, तो पहिल्या उन्हाळ्याचा तुकडा होता. त्यानं थोडा वेळ ऐकलं. पुढच्या तुकड्यात त्याचं स्वतःचं बोलणं आलं तेव्हाही चेहरा हलला नाही. मी त्याच्याकडे बघत होते. मला काय हवं होतं कोण जाणे. त्यानं रडावं, किंवा हे मी वाजवलं म्हणावं.

"उकडून राहिलं वं," तो म्हणाला. "कूलर लाव."

मी टेप थांबवली आणि कूलर लावला. तो तिथेच फरशीवर आडवा झाला आणि झोपला.

पुढे मला पारशिवनीच्या शाळेत नोकरी लागली. लग्न झालं. दादा परत दुकानात जायला लागला होता. हात थरथरायचा म्हणून बारीक काम जमायचं नाही, पण मालक भला होता, त्यानं वायरी सोलायला, गिऱ्हाइकाशी बोलायला ठेवून घेतलं. त्याचं लग्न काही झालं नाही. एकदोन ठिकाणी बोलणी झाली, मग त्यांच्या कानावर गेलं. बाबा निवृत्त झाले, आईचे गुडघे गेले. मी सुटीत जायचे तेव्हा मागच्या खोलीत परत सरपण आलेलं होतं. टेपा पत्र्याच्या पेटीत होत्या. एका पावसाळ्यात छप्पर गळलं आणि बऱ्याचशा टेपांवर बुरशी चढली. माझी मिक्स केलेली मात्र मी पारशिवनीला नेली होती, ती वाचली. पण तिकडे ती वाजवायला मशीन नव्हती.

एका मे महिन्यात शाळेला सुटी लागली होती आणि मी नागपूरला निघायच्या तयारीत होते, तेव्हा बाबांचा निरोप आला. दादा सकाळी चप्पल घालून घरातून निघाला. दुकानात गेला असेल असं वाटलं. तो कामठीच्या रस्त्याला लागला. उन्हात, डोक्यावर काही न घेता, पायी कामठी. आणि तिथून पुढे कन्हान नदीकडे. पुलाच्या अलीकडे एका ट्रकवाल्याला तो रस्त्याच्या कडेला पडलेला दिसला. दवाखान्यात नेईपर्यंत अंग इतकं तापलं होतं की नर्सनं हात मागे घेतला. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. ज्या गोळ्या तो घेत होता त्यांच्यानं घाम कमी होतो, असल्या माणसानं उन्हात निघायचंच नसतं. हे आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि आम्ही शॉकाच्या धसक्यात ऐकलं नसेल.

पारशिवनीहून नागपूरला येणारी बस कन्हानवरूनच येते. पूल ओलांडल्यावर मी खिडकीतून दोन्ही बाजूंनी बघत होते, नक्की कुठे ते मला माहीत नव्हतं. पुढे नोकरीची सगळी वर्षं त्याच रस्त्यानं येणंजाणं झालं. बाबांनी जागा दाखवायची तयारी दाखवली होती, मी नको म्हटलं.

दादा गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला कामठीचा भाऊ आला. केस पांढरे व्हायला लागले होते. वंदना झाली, माणसं जेवली, पांगली. तो थांबून राहिला. मग माझ्याजवळ येऊन बसला.

"त्या दिवशी तो माझ्याकडे आला होता बाई," तो म्हणाला.

मला हे माहीत नव्हतं.

"मी घरी नव्हतो. लग्न होतं, बाहेरगावी गेलो होतो. बायको होती घरी. तिनं पानी दिलं, बसा म्हनली. तो ओट्यावर बसला बराच वेळ. माझा जुना ड्रम असते तिथं, त्याच्याकडे पाहत होता म्हने. मंग उठला. ही म्हनली, भाऊ, ऊन उतरू द्या, मंग जा. तर म्हने, नाही, काम आहे."

"काय काम?"

"तिनं नाही विचारलं. पाहुन्याले कोन विचारते? आनि घरी न जाता तिकडं कन्हानकडे काहून गेला, हेही नाही समजलं. त्याचं तिकडं कोनी नाही."

कन्हानचा पूल ओलांडला की तोच रस्ता पारशिवनीला, माझ्याकडे येतो. आई आतून बघत होती. तिला ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक. तो उठला, बाबांच्या पाया पडला. मी पारशिवनीहून आणलेली ती टेप पिशवीतून काढून त्याला दिली. त्याच्याकडेही ती वाजवायला मशीन नव्हती, हे त्यानंच सांगितलं. तरी त्यानं घेतली, रुमालात बांधली, आणि सायकलला अडकवून कामठीच्या रस्त्याला लागला.